उशीशी त्र्याण्णव टक्के

फाइलीत अठराशे फ्रेम होत्या. साठ सेकंद, सेकंदाला तीस. प्रत्येक फ्रेममध्ये दोन माणसं, तिघांचा एक सोफा, दोन उश्या (एक निळी, एक फिकट बदामी), भिंतीवर श्रवणबेळगोळच्या बाहुबलीचा फोटो, टीपॉयवर पोह्यांच्या चार बशा, त्यांतल्या तीन अर्धवट सोडलेल्या. उजव्या कडेला एक कोपर. ते शैलजाकाकूंचं. त्यांना फ्रेमबाहेर बसायला तीनदा सांगितलं होतं. त्या बसल्या, कोपर बसलं नाही.

दोन माणसांपैकी एक माझी मोठी बहीण केतकी. वय एकोणतीस, सांगलीत माती परीक्षणाची प्रयोगशाळा चालवते. दुसरा श्रेणिक बिरनाळे, वय एकतीस, जयसिंगपूरचा. इंजिनिअरिंग कॉलेजात सेन्सर शिकवतो. शैलजाकाकू त्याची आई. या अठराशे फ्रेम बघून 'मेळ' नावाच्या सॉफ्टवेअरनं केतकी आणि श्रेणिकला शंभरपैकी चौतीस गुण दिले. बिरनाळ्यांकडे सत्तरच्या खाली नकार असतो.

केतकीला श्रेणिक आवडला होता. त्याआधी दोघं तीनदा भेटली होती, एकदा कृष्णेच्या घाटावर चार तास. सहा वर्षांत अकरा स्थळं बघून झाल्यावर तिनं पहिल्यांदाच "हा चालेल" असं न म्हणता "हा हवा" असं म्हटलं होतं. त्यामुळे चौतीस हा आकडा आमच्या घरात एखाद्या आजाराच्या रिपोर्टसारखा पडून होता.

ज्यांच्या घरात अजून लग्नाचं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन हजार एकोणचाळीस साली मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन झाले की "मिनिट घेऊया" म्हणतात. मुलगा आणि मुलगी एका सोफ्यावर शेजारी बसतात, स्टुडिओवाला समोर कॅमेरा लावतो आणि साठ सेकंद कुणी बोलायचं नसतं. कॅमेरा दोघांच्या चेहऱ्यांवरून हृदयाचे ठोके मोजतो. ठोके एका लयीत पडले तर जोडी जमली. मावश्या आता "पत्रिका जुळली का?" विचारत नाहीत, "मिनिट झालं का?" विचारतात. पूर्वी दोघांची नाडी एक निघाली की स्थळ मोडायचे, आता एक निघाली नाही तर मोडतात. पत्रिका बघणाऱ्यांना मी निदान एक श्रेय देते: त्यांनी कधी फोटॉनचं नाव घेतलं नाही.

मी ईश्वरी. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं, प्रकाशशास्त्र घेऊन. पुण्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेसाठी घरून काम करते. रॉ फोटो संपादित करणारी सॉफ्टवेअरं तपासणं हे माझं काम. कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, न शिजवलेली फाइल घ्यायची, ती चार सॉफ्टवेअरांत ('मेळ' त्यांतलंच एक) उघडायची, रंगाची पट्टी आणि नॉइजची, म्हणजे चित्रातले दाणे घालवणारी, पट्टी पाच-पाचच्या पायऱ्यांनी सरकवायची आणि काय बदललं ते मोजायचं. साठ पानांचा अहवाल होतो. तो मागवणारे लोक शेवटच्या पानावर येऊन विचारतात, "पण छान कुठलं दिसतं?"

चौतीस गुण आल्यावर तिसऱ्या दिवशी मी मिरजेला कुसनाळेकाकांच्या स्टुडिओत गेले. मिनिट त्यांनीच घेतलं होतं. स्टुडिओच्या दारात जमलेल्या जोड्यांचे फोटो लावले होते, खाली गुण सोनेरी अक्षरांत. ९१. ९४. ८८. सगळे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे गुळगुळीत.

"कच्ची फाइल हवी?" कुसनाळेकाका म्हणाले. "ती कुणी मागत नाही ओ. शिजलेलं सोडून कणीक कोण मागतंय?"

"नॉइज रिडक्शन कितीवर ठेवता?"

"साठ. साठला चेहरा कसा लोण्यासारखा येतो. दाणेदार चेहरा लोकांना चालत नाही, बाई."

"पण तुम्हाला नाडी मोजायचीय ना? लोणी कशाला?"

"दोन्ही," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दोन्ही मागतंय."

कच्ची फाइल घेऊन मी घरी आले.

प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त किंचित वाढतं आणि ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून गालाचा हिरवा रंग ठोक्यागणिक अर्ध्या टक्क्यानं कमीजास्त होतो. डोळ्यांना हे दिसत नाही, चौदा बिटांच्या सेन्सरला दिसतं. इथवर सगळं खरं आहे, आणि सुंदरही.

अडचण पुढे आहे. सेन्सरचा एक पिक्सेल म्हणजे फोटॉन मोजणारं मापटं. प्रकाश धारेसारखा येत नाही, पावसाच्या थेंबांसारखा येतो, आणि दोन सारख्या मापट्यांत कधी सारखे थेंब पडत नाहीत. दहा हजार फोटॉन अपेक्षित असतील तर शंभर इकडेतिकडे होतात. वर्गमूळाचा नियम. दहा हजारांत शंभर म्हणजे एक टक्का. हा झाला नॉइज, आणि तो नाडीच्या अर्ध्या टक्क्याहून दुप्पट आहे. हा गोऱ्या गालाचा हिशेब. श्रेणिक गोरा आहे. केतकी सावळी आहे. तिच्या गालावरून त्याच उजेडात छत्तीसशे फोटॉन परत येतात, त्यांत साठ इकडेतिकडे, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. यात तिचा दोष नाही, वर्गमूळाचाही नाही. गालाचे चाळीस हजार पिक्सेल घेऊन साधी सरासरी काढली की नॉइज दोनशे पटींनी कमी होतो आणि दोघांचीही नाडी स्वच्छ मिळते. शाळकरी मुलाला जमेल असं काम आहे.

'मेळ' तसं करत नाही. ते आधी चेहरा लोण्यासारखा करतं. त्यासाठी पूर्ण फ्रेममध्ये रंगानं एकमेकांसारखे तुकडे शोधतं आणि त्यांची सरासरी काढून सगळ्यांना वाटून देतं. फोटो छान दिसावा म्हणून ही युक्ती वाईट नाही. पण एका सोफ्यावर दोन गोरी माणसं बसली असतील तर एकाच्या गालाचे तुकडे दुसऱ्याच्या गालात मिसळतात आणि त्यांच्याबरोबर नाडीही मिसळते. मग सॉफ्टवेअर दोन नाड्यांची तुलना करतं आणि हर्षानं कळवतं की त्या सारख्या आहेत. दोन पातेल्यांतली आमटी एकत्र ढवळून चव तपासावी तसं.

एक गोरा आणि एक सावळा असेल तर तुकडे सारखे ठरत नाहीत, काहीच मिसळत नाही, गुण पडत नाहीत. आठ वर्षं अभियंत्यांनी खपून, कोट्यवधी फोटॉन मोजून जे यंत्र बनवलं, ते पोहे खाता खाता कुठलीही मावशी जे सांगते तेवढंच सांगतं: मुलगी रंगानं जरा कमी आहे.

मी सहा दिवस मोजत बसले. नॉइजची पट्टी शून्यावर ठेवली तेव्हा केतकीची नाडी मिनिटाला एक्याऐंशी आली, श्रेणिकची चौऱ्याहत्तर. दोघांचा मेळ तीन, म्हणजे काही नाही. शून्यावर कुणाचाच कुणाशी मेळ येत नाही. आई आणि अप्पांना त्याच सोफ्यावर बसवून बघितलं. लग्नाला बत्तीस वर्षं, मेळ दोन. पट्टी साठवर आणली तर एक्क्याण्णव. आईनं एक्क्याण्णव शेजारच्या काकूंना सांगितला, दोन सांगितला नाही.

मग मोजण्याची चौकट केतकीच्या गालावरून उचलली आणि बदामी उशीवर ठेवली. श्रेणिक आणि उशी: त्र्याण्णव.

रविवारी सकाळी मी, केतकी आणि अप्पा जयसिंगपूरला गेलो. मी लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं. आलेख साधे ठेवले होते. श्रेणिक पुढे झुकून बघत होता. शैलजाकाकू मागे टेकून.

"म्हणजे काकू, श्रेणिकचं उशीशी त्र्याण्णव टक्के जुळतं," मी म्हटलं.

"जुळणारच. पहिल्यापासून मनमिळाऊ आहे तो."

"काकू, ती उशी आहे."

"उशी तुमच्याच घरची ना?"

"हो."

"मग तुमच्या घराशी जुळलं की. मुलीशी जुळलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

अप्पा हसले. मी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबले.

"आणि हे तुमचं कोपर," मी पुढचा आलेख दाखवला. "फ्रेममध्ये आलं होतं. श्रेणिक आणि कोपर, अठ्ठ्याऐंशी."

शैलजाकाकूंचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "आईशी आहेच हो त्याचं. लहानपणापासून." त्यांनी आलेखाचा फोटो काढून घेतला आणि बहिणीला पाठवला.

मी श्रेणिककडे वळले. "तू शिकवतोस ना हे? आधी फिल्टर लावून मग सिग्नल मोजायचा नसतो म्हणून?"

"दुसऱ्या युनिटमध्ये आहे," तो म्हणाला. "टेक्निकली ईश्वरीचं बरोबर आहे, मम्मी."

"मग?"

"म्हणजे, टेक्निकली." त्यानं चष्मा पुसला. "पण प्रोसेस म्हणून आपण सगळ्या स्थळांना हेच लावलंय."

"सात मुलींना लावलंय," शैलजाकाकू म्हणाल्या. "त्यांना नाही म्हटलं आणि आता तुम्हाला हो म्हटलं तर लोक काय म्हणतील? नियम तो नियम. पुन्हा मिनिट घ्या. सत्तर आले तर मी स्वतः कुंकू लावते हिला."

 निघताना केतकीनं फक्त श्रेणिककडे बघितलं. तो आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला आणि अप्पांशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलला.

सोमवारी कुसनाळेकाकांचा फोन आला. अप्पांनी स्पीकरवर टाकला.

"मगदूमसाहेब, बिरनाळेबाईंनी पुन्हा मिनिट घ्यायला सांगितलंय. कशाला घ्यायचं? आहे तीच फाइल चालती की. मुलीच्या रंगाची पट्टी जरा वर घेतो. अठरा. स्किन टोनची. मग नॉइज साठ. एकोणनव्वद येतात बघा."

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"बाई, चार वर्षं हेच करतोय. मिरजेतली निम्मी मिनिटं अठरावर पास झाल्यात. दारात फोटो बघितलेत न्हवं?"

"मग आमच्या वेळी का नाही केलंत?"

"तुम्ही सांगितलं नाही. लोक आधी सांगून ठेवतात."

मी त्यांच्या शास्त्राला तोपर्यंत कमी समजत होते. त्यांना फिल्टरचं गणित येत नव्हतं, पण 'मेळ'मध्ये आधी रंग लागतो आणि मग नॉइज, हा क्रम त्यांनी स्वतः शोधून काढला होता. मी तपासलेल्या बाकी तिन्ही सॉफ्टवेअरांत आधी नॉइज आणि मग रंग. तिथे ही लबाडी चालत नाही. माझ्या अहवालात हा फरक एकेचाळिसाव्या पानावर होता. तो कुणी वाचला नव्हता आणि कुसनाळेकाकांना त्याची गरज पडली नव्हती.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "एवढंच ना? मग त्यांना कशाला सांगायचं? तूच कर की. तुझं शिक्षणच त्यातलं."

"मी नाही करणार."

"का?"

"खोटं आहे."

"खोटं कसं? उजेडच तर वाढवायचा. मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनं चार दिवस साय आणि हळद चोळली होती. काय बिघडलं?"

"तू मोजमाप म्हणून नव्हतीस बसली."

"बहिणीचं घर वसायला आलंय आणि हिला दशांश चिन्ह सुचतंय," आई अप्पांना म्हणाली. अप्पांनी पेपर उघडला. अप्पांकडे कुठलाही प्रश्न नेला की ते पेपर उघडतात. सांगलीत पेपर बंद होऊन दोन वर्षं झाली, ते जुने उघडतात.

केतकीनं तिथेच, सगळ्यांसमोर, श्रेणिकला फोन लावला. अठराचं सांगितलं.

"अगं मग हलवून टाक ना," त्याचा आवाज आला. हलका, जवळजवळ आनंदी. "ते बोगस आहे हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. बोगस आकडा बदलला तर काय बिघडतं?"

"काही नाही," केतकी म्हणाली. "बोलते मग."

आईनं सुटकेचा श्वास टाकला. मला श्रेणिकची किळस आली, आणि त्याचा युक्तिवाद तर्काला धरून होता याचा राग. शैलजाकाकू निदान त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केतकीच्या प्रयोगशाळेत गेले. तिच्यासमोर मातीचे नमुने ट्रेमध्ये वाळत होते, बावची, आष्टा, कवलापूर, प्रत्येकावर चिठ्ठी. ती एकेक नमुना चाळत होती.

"अठरा वर घेतल्यावर नक्की काय होतं?" तिनं विचारलं. "माझी नाडी बदलते?"

"नाही. तुझ्या आणि त्याच्या रंगातलं अंतर कमी होतं. अंतर कमी झालं की तुकडे मिसळतात. बाकी काही नाही."

"अंतर दोन टोकांमधलं असतं."

"हो."

"मग माझंच टोक का हलवायचं?"

 सहा दिवस मी नॉइजची पट्टी शंभर वेळा हलवली होती. उशी मोजली होती, कोपर मोजलं होतं, आईबापांना सोफ्यावर बसवलं होतं. श्रेणिकचा रंग खाली घेऊन बघावं हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. कुसनाळेकाकांच्या चार वर्षांत आलं नसेल तर समजू शकते. इतरांना हसताना मी स्वतःला त्यांच्यात धरलं नव्हतं.

"लॅपटॉप आणलायस?" केतकीनं हात धुतले.

तिच्या टेबलावरच केलं. केतकीला निवडून रंग अठरानं वर, श्रेणिक आहे तसा, नॉइज साठ: एकोणनव्वद. मग केतकी आहे तशी, श्रेणिकला निवडून रंग अठरानं खाली, नॉइज साठ: नव्वद. एक गुण जास्तच. तिनं दोन्ही मिनिटं पूर्ण बघितली. दुसऱ्यात श्रेणिक शेतावर वाढलेल्या कुठल्याही मुलासारखा दिसत होता. माझ्या मते बराच बरा.

"दोन्ही त्याला द्यायच्या," केतकी म्हणाली. "काय केलंय ते लिहून. लपवायचं काही नाही. आईला कुठली दाखवायची ते तो ठरवेल."

पहिली फाइल द्यायला माझी हरकत उरली नव्हती. तुलना दोन फाइलींशिवाय होत नाही.

"आणि त्यानं पहिलीच पुढे पाठवली तर?"

"तर माझं उत्तर नाही."

"आणि दुसरी पाठवली तर?"

ती चाळणी झटकत राहिली. "तर मी काकूंच्या कोपरासकट हो म्हणेन. त्या सावळ्या तोंडानं त्यानं आईसमोर एक मिनिट बसून दाखवलं, तर बाकीचं मी निभावीन."

"हे त्याला सांगायला नको? त्याला वाटतंय की तुझी अठराला तयारी आहे. असं न सांगता परीक्षा घेणं बरोबर नाही, ताई."

"आधी सांगितलं तर त्याला उत्तर कळेल. मोजणाऱ्यानं मोजलेली गोष्ट हलवायची नाही. वाक्य तुझंच आहे, जेवताना ऐकवत असतेस." तिनं आष्ट्याची चिठ्ठी सरळ केली. "आणि त्याला कळायचं असतं तर मी काल 'काही नाही' म्हटलं तेव्हाच कळलं असतं."

दोन्ही फाइली सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या. संदेश तिनं लिहिला, मी फक्त आकडे तपासले: "श्रेणिक, पहिल्या फाइलीत माझा रंग अठरानं वर, गुण ८९. दुसऱ्या फाइलीत तुझा रंग अठरानं खाली, गुण ९०. कच्ची फाइल एकच आहे. काकूंना यातली कुठलीही एक दाखव. केतकी." मंगळवारी दुपारी तीन वाजता पाठवला. तीन वाजून दोन मिनिटांनी त्याचा अंगठा आला.

बुधवारी आईनं साखर आणून ठेवली. केतकी कामावर गेली, आली, जेवली. श्रेणिकचा एकदा फोन आला. हवामानाबद्दल बोलला, आणि हळदीला कुठलं कार्यालय बरं यावर.

गुरुवारी दुपारी बारा वाजता केतकीनं मला फोल्डरची नोंद काढायला सांगितली.

पहिली फाइल: उघडली सात वेळा, पूर्ण बघितली पाच वेळा, पुढे पाठवली तीन जणांना. दुसरी फाइल: उघडली एकदा, बघितली चार सेकंद.